परतीचा हुकूम: सारा विनेमका आणि मालहूरच्या जमिनीचे प्रकरण

२४ जानेवारी १८८० रोजी अमेरिकेचे अंतर्गत कारभार मंत्री कार्ल शुर्झ यांनी राजधानीतील आपल्या कचेरीतून एक लेखी हुकूम दिला. देशाच्या वायव्येकडील वॉशिंग्टन प्रदेशातील याकामा या मूळनिवासींसाठीच्या राखीव क्षेत्रात नेऊन ठेवलेल्या उत्तरेकडील पायूट जमातीच्या लोकांपैकी ज्यांना ऑरेगनमधील मालहूर या आपल्या जुन्या भूमीवर परतावयाचे असेल त्यांना तशी मोकळीक आहे, आणि मालहूर येथे प्रत्येक कुटुंबप्रमुखाला व प्रत्येक प्रौढ पुरुषाला १६० एकर या प्रमाणात जमीन नेमून दिली जाईल, असा त्याचा आशय होता. प्रवासाचा कोणताही भार सरकारवर पडणार नाही, असेही त्यात नमूद होते. हा हुकूम मिळवण्यासाठी नेवाडाहून राजधानीपर्यंत गेलेल्या मंडळींमध्ये पायूटांचे वृद्ध प्रमुख विनेमका, त्यांचा मुलगा नॅचेझ आणि सुमारे ३५ वर्षांची मुलगी सारा ही होती. वडिलांना इंग्रजी येत नव्हते. मंत्र्यांसमोर जे बोलले गेले ते साराच्या तोंडून बोलले गेले, आणि मंत्र्यांनी जे आश्वासन दिले ते तिनेच आपल्या लोकांना समजावून सांगितले.

या हुकुमाच्या आधारे सरकारने एकाही माणसाला मालहूरला पोचवले नाही. मंत्र्यांनी दाद दिली, लेखी दिली, स्वतःच्या सहीने दिली, आणि तरीही न्याय झाला नाही. असे का घडले, हा या प्रकरणातील खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका माणसाच्या दुष्टपणात शोधणे सोपे असले तरी पुरेसे नाही, असे मला वाटते.

सोने येण्यापूर्वी आणि आल्यानंतर

साराचा जन्म १८४४ च्या सुमारास, आजच्या नेवाडा राज्यातील हम्बोल्ट सरोवराच्या परिसरात झाला. तिचे पायूट नाव थॉकमेटोनी. त्या भाषेत तो एका रानफुलाचा, शिंपल्याच्या आकाराच्या फुलाचा शब्द आहे. तिचे आजोबा ट्रकी हे गोऱ्यांना दूर गेलेले भाऊ मानणारे गृहस्थ होते. त्यांनी फ्रेमाँट या अमेरिकी अधिकाऱ्याला वाट दाखवली, मेक्सिकोविरुद्धच्या लढाईत त्याच्याबरोबर कॅलिफोर्नियात काम केले, आणि त्याने दिलेले शिफारसपत्र ते आयुष्यभर जपून बाळगत राहिले. वाटेत गोरी माणसे भेटली की ते पत्र दाखवावे, आणि पत्र वाचून समोरच्याचा चेहरा निवळावा, हे साराने लहानपणी अनेकदा पाहिले. कागदात ताकद असते ही तिची समजूत तेथूनच आली असावी, आणि पुढील घटना पाहताना ती लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले, आणि पुढच्याच वर्षापासून हजारो लोकांचे तांडे हम्बोल्ट नदीच्या काठाने, म्हणजे पायूटांच्या भूमीतून, पश्चिमेकडे जाऊ लागले. त्यांच्या जनावरांनी नदीकाठचे गवत संपवले. तरीही ते वाटसरू होते. येत होते आणि जात होते. १८५९ मध्ये मात्र सिएरा पर्वतांच्या पूर्वेला, सोन्याच्या शोधात गाळ चाळणाऱ्या माणसांना कॉमस्टॉक या नावाने ओळखली जाणारी खनिजाची शीर सापडली. सोन्याच्या कणांबरोबर येणारी जड निळसर माती त्यांना आधी नकोशी वाटत होती. परीक्षणानंतर तिच्यात चांदीचा मोठा अंश असल्याचे कळले. सोने आणि चांदी या दोहोंसाठी त्या डोंगरावर व्हर्जिनिया सिटी हे शहर उभे राहिले. नदीच्या गाळातील सोने दोन-चार वर्षांत संपते आणि माणसे पुढे सरकतात. खोल खाणीचे तसे नसते. खाणीला आतून आधार देणाऱ्या लाकडी चौकटी हव्यात, भट्ट्यांना सरपण आणि कोळसा हवा, कामगारांना मांस हवे, म्हणून कुरणे हवीत. पायूटांचे हिवाळ्याचे मुख्य अन्न पिनियन या झाडाचे बी होते, आणि तीच झाडे सरपणासाठी तुटू लागली. एका बाजूला शहर वाढले आणि दुसऱ्या बाजूला उपासमार वाढली. या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

मे १८६० मध्ये विल्यम्स स्टेशन या ठाण्यावरील गोऱ्यांनी दोन पायूट मुलींना पळवून कोंडून ठेवले. पायूटांनी त्यांना सोडवले, ठाण्यावरील माणसे मारली आणि ठाणे जाळले. सूड घेण्यासाठी व्हर्जिनिया सिटी आणि आसपासच्या वस्त्यांतून शंभराहून अधिक स्वयंसेवक निघाले आणि पिरॅमिड सरोवराजवळ पायूटांनी त्यांतील सत्तरांहून अधिक माणसे मारली. मेजर विल्यम ऑर्म्सबी तेथेच पडले. त्यांच्याच घरात सारा आणि तिची बहीण काही वर्षांपूर्वी राहिल्या होत्या आणि तेथेच साराचे इंग्रजी पक्के झाले होते. पळवलेल्या मुली तिच्याच समाजातल्या होत्या आणि मेलेला गृहस्थ तिच्या ओळखीचा होता. दोन्ही बाजूंची नावे आणि चेहरे माहीत असलेली व्यक्ती दुभाषी होते, तेव्हा तिच्या वाट्याला येणारे ओझे केवळ शब्दांचे नसते.

मार्च १८६५ मध्ये नेवाडाच्या स्वयंसेवक घोडदळाने मड सरोवराकाठच्या पायूट तळावर हल्ला केला. तळावर त्या वेळी प्रामुख्याने म्हातारी माणसे, स्त्रिया आणि मुले होती. २९ जण मारले गेले. त्यांत आपला तान्हा भाऊही होता, असे साराने पुढे लिहिले आहे. या हत्येची दाद मागण्यासाठी कोणतेही न्यायालय तिला उपलब्ध नव्हते. अमेरिकेतील मूळनिवासींना सरसकट नागरिकत्व मिळाले ते १९२४ मध्ये. शेजारच्या कॅलिफोर्नियात तर १८५० च्या कायद्याने गोऱ्या माणसाविरुद्ध मूळनिवासीची साक्षच अग्राह्य ठरवली होती. म्हणून साराने न्याय मागितला तो खटला भरून नव्हे. पत्र, भाषण, मंत्र्यांची भेट आणि अखेर छापलेले पुस्तक हेच मार्ग तिच्यापुढे होते.

मालहूर

१८७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आदेशाने पूर्व ऑरेगनमध्ये मालहूर राखीव क्षेत्र स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १८ लाख एकर होते. येथे एक कायदेशीर बारकावा आहे, आणि संपूर्ण प्रकरण त्यावर उभे आहे. १८७१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मूळनिवासी जमातींशी करार करण्याची पद्धत बंद केली होती. त्यामुळे मालहूर हे दोन पक्षांनी सह्या केलेल्या कराराने मिळालेले क्षेत्र नव्हते. ते राष्ट्राध्यक्षांच्या एका कागदाने निर्माण झाले होते आणि दुसऱ्या कागदाने नाहीसे होऊ शकत होते. तेथे राहणाऱ्यांना हे कोणी सांगितल्याचे दिसत नाही.

१८७५ मध्ये सारा तेथे दुभाषी म्हणून रुजू झाली. त्या वेळचे एजंट, म्हणजे राखीव क्षेत्राचा कारभार पाहणारे सरकारी अधिकारी, सॅम्युअल पॅरिश यांच्याविषयी तिने जे लिहिले आहे ते वाचताना एखाद्या चांगल्या सुगीची आठवण निघाल्यासारखे वाटते. पॅरिश यांनी पायूटांना सांगितले की जमीन तुमची आहे, पिकवाल ते तुमचे आहे. लोकांनी पाण्याचा पाट खणला, बटाटे, सलगम आणि गहू लावले. शाळा सुरू झाली, आणि साराने तेथे एजंटांच्या भावजयीला शिकवण्यात मदत केली. १८७६ मध्ये पॅरिश यांना काढून विल्यम राइनहार्ट यांना नेमण्यात आले. त्या काळी एजंटांच्या नेमणुका ख्रिस्ती पंथांच्या शिफारशींनी होत असत, आणि पॅरिश पुरेसे धार्मिक नसल्याचे कारण साराच्या कानावर आले. राइनहार्ट यांनी आल्याबरोबर सांगितले की जमीन सरकारची आहे. काम करणाऱ्यास रोज एक डॉलर मिळेल, पण त्यातून दिलेल्या अन्नाची आणि कपड्यांची किंमत वळती होईल. ज्या शिध्यावर आपला हक्क आहे असे लोक समजत होते तोच आता मजुरीतून कापला जाऊ लागला. साराने या कारभाराची तक्रार वरपर्यंत नेली आणि तिची नोकरी गेली.

१८७८ च्या जून महिन्यात आयडाहोमध्ये बॅनक जमातीचे युद्ध पेटले. कामास या कंदाची त्यांची कुरणे वसाहतवाल्यांची डुकरे उकरून खात होती. करारात त्या कुरणाचे नाव लिहिताना ‘कामास’ऐवजी ‘कॅन्सस’ असे पडले होते. लढणाऱ्या बॅनकांनी विनेमका यांना आणि त्यांच्याबरोबरच्या पायूटांना आपल्याबरोबर ठेवून घेतले. सारा सैन्याच्या वतीने निघाली, रात्री त्या तळात शिरली आणि वडिलांसह अनेकांना बाहेर काढून आणले. १३ जूनच्या सकाळपासून १५ जूनच्या संध्याकाळपर्यंत तिने घोड्यावरून २२३ मैल, म्हणजे सुमारे ३६० किलोमीटर अंतर कापले. पुढे संपूर्ण मोहिमेत तिने जनरल हॉवर्ड यांच्याकडे दुभाषी आणि टेहळणी करणारी म्हणून काम केले.

युद्ध संपल्यावर तिला एक काम सांगण्यात आले: विखुरलेल्या पायूटांना हार्नी येथील लष्करी ठाण्यावर बोलावून आण, त्यांना मालहूरला परत पाठवले जाईल. तिने तसे सांगितले. लोक आले, कारण सांगणारी ती होती. त्यानंतर, हिवाळा भरात असताना, तिला कळवण्यात आले की या सर्वांना याकामा येथे न्यावयाचे आहे. जानेवारी १८७९ मध्ये बर्फातून, डोंगर ओलांडून, सुमारे ५६० किलोमीटरचा तो प्रवास झाला. पाचशेहून अधिक माणसे होती. त्यांत लेगिन्स या पायूट प्रमुखाचा गटही होता, ज्याने युद्धात भागच घेतला नव्हता. वाटेत म्हातारी माणसे आणि मुले दगावली. नेणारे सैनिक होते, हुकूम वरचा होता. पण हार्नीला या असे सांगणारा आवाज साराचा होता, आणि ते तिचे लोक विसरले नाहीत. मला या प्रकरणात सर्वांत जड वाटणारी गोष्ट हीच आहे. दुभाषी स्वतःचे बोलत नाही, तरीही ऐकणाऱ्याला फक्त तिचाच चेहरा दिसतो.

हुकूम आणि त्याची अंमलबजावणी

१८७९ च्या अखेरीस साराने सॅन फ्रान्सिस्को येथे सार्वजनिक भाषणे देण्यास सुरुवात केली. राइनहार्ट यांचे नाव घेऊन तिने शिध्याचा आणि ब्लँकेटांचा हिशेब श्रोत्यांसमोर मांडला. वृत्तपत्रांनी तिला राजकन्या म्हटले आणि तिनेही ते नाव व्यासपीठावर वापरले. पायूटांमध्ये राजा नसतो आणि राजकन्याही नसते. हा वेष तिने श्रोत्यांसाठी घेतला होता. तिच्यावर यासाठी टीका झाली आहे. परंतु प्रमुखाची मुलगी या नात्यावाचून त्या काळच्या सभागृहात एका पायूट स्त्रीचे बोलणे कोणी दोन तास बसून ऐकले असते असे मला वाटत नाही. भाषणांचा गाजावाजा झाला, आणि सरकारनेच तिला, वडिलांना व भावाला राजधानीत बोलावून घेतले. तेथे असताना तिने जाहीर भाषण देऊ नये याची काळजी अधिकाऱ्यांनी घेतली. राष्ट्राध्यक्ष हेझ यांच्याशी भेट झाली ती क्षणभराची. हुकूम मात्र हातात पडला.

आता हुकुमाची भाषा पाहावी. परतण्याची ‘मोकळीक’ होती. परत नेण्याची जबाबदारी कोणावरही टाकलेली नव्हती. ज्या सरकारने पाचशे माणसांना स्वतःच्या खर्चाने, सैन्याच्या पहाऱ्यात तेथे नेले, त्याने परतीचा खर्च मात्र त्यांच्यावर सोडला. त्यांच्यापाशी ना घोडे उरले होते, ना अन्नाचा साठा, ना वाटेतल्या वस्त्यांपासून संरक्षण. अंमलबजावणी ज्याच्या हाती होती ते याकामाचे एजंट जेम्स विल्बर हे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते आणि त्यांच्या खात्यात त्यांचा चांगला लौकिक होता. सारा हुकूम घेऊन याकामाला पोचली तेव्हा त्यांनी तो लोकांना वाचून दाखवण्यास नकार दिला. पायूट निघाले तर वाटेत ऑरेगनचे वसाहतवाले त्यांच्यावर हल्ला करतील असे त्यांनी वर कळवले, आणि राजधानीने त्यांचे म्हणणे मान्य केले. हल्ल्याची भीती खोटी होती असे म्हणता येणार नाही. पण तिच्यावरचा साधा उपाय सैन्याची सोबत देणे हा होता, आणि येताना ती सोबत सहज मिळाली होती.

दुसऱ्या टोकाला, मालहूर येथे, राइनहार्ट होते. राखीव क्षेत्राभोवती गुरांचे मोठे कळप पाळणारे धनिक आपली जनावरे आत सोडत होते, आणि जमीन रिकामी राहिली तरच ती त्यांना मिळणार होती. राइनहार्ट यांनी साराविरुद्ध राजधानीला पत्रे आणि प्रतिज्ञापत्रे पाठवली. त्यांत शिध्याच्या हिशेबाला उत्तर नव्हते. ती दारू पिते, जुगार खेळते, तिचे चारित्र्य वाईट आहे, तिच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, असा मजकूर होता. स्त्रीने हिशेब मागितला की तिच्या अब्रूचा हिशेब मांडायचा, ही रीत आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. या आरोपांचा उपयोग एकदाच झाला नाही. ते कचेरीच्या दप्तरात पडून राहिले आणि ती पूर्वेकडे भाषणे देऊ लागली तेव्हा पुन्हा बाहेर काढले गेले.

याकामाच्या पायूटांनी यातून काय समजावे? सारा राजधानीत गेली, मंत्र्यांना भेटली, कागद घेऊन आली, आणि काहीच झाले नाही. काहींनी तिला उघडपणे विचारले की एजंटांनी तुला विकत घेतले आहे का. तिने दिलेले उत्तर तिच्या पुस्तकात आहे: मी जे सांगितले ते माझे शब्द नव्हते, अधिकाऱ्यांचे होते, आणि खोटे ठरले ते तेच. हे उत्तर पूर्णपणे खरे आहे. तरीही ज्याचे मूल त्या बर्फात गेले त्याला ते पुरेसे वाटले नसेल, आणि त्यालाही दोष देता येत नाही.

पुस्तक आणि अर्ज

१८८३ मध्ये ती बॉस्टनला गेली. तेथे एलिझाबेथ पीबॉडी आणि त्यांची बहीण मेरी मॅन या दोन वृद्ध शिक्षणतज्ज्ञ भगिनींनी तिला आश्रय दिला. तिने पूर्वेकडील राज्यांत शेकडो भाषणे दिली, आणि मेरी मॅन यांच्या संपादनाखाली त्याच वर्षी तिचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील मूळनिवासी स्त्रीने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले आत्मचरित्र मानले जाते. पुस्तकाच्या शेवटी जनरल हॉवर्ड आणि इतर लष्करी अधिकाऱ्यांची तिच्याविषयीची पत्रे छापली आहेत. आत्मकथनाला चारित्र्याचे दाखले जोडावे लागतात, यावरून राइनहार्ट यांचे आरोप कुठवर पोचले होते ते कळते.

त्याच पुस्तकात काँग्रेसला उद्देशून एक अर्ज आहे, आणि या प्रकरणात माझ्या मते तोच सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला कागद आहे. मालहूर क्षेत्र पायूटांना परत द्यावे. जमीन कुटुंबवार वाटून द्यावी, पण त्यासाठी जमातीचे आपसांतील बंध तोडण्याची अट नसावी. जमिनीबरोबर येणारे नागरिकत्व त्यांना वसाहतवाल्यांच्या अतिक्रमणापासून वाचवील. आणि याकामाला नेलेल्यांना परत आणावे, अशा त्यातील मागण्या होत्या. सरकारी धोरण तेव्हा जमिनीच्या वाटपाकडे झुकत होते, आणि १८८७ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्यातून जमातींच्या हातची कोट्यवधी एकर जमीन गेली. साराने वाटप मागितले, परंतु जमात शाबूत ठेवून मागितले. हा भेद त्या काळच्या अनेक हितचिंतकांच्याही ध्यानात आलेला नव्हता. तिने स्वतः पूर्वी सैन्यावर प्रमाणाबाहेर विश्वास टाकला होता, हे मान्य करावे लागेल; एजंटांपेक्षा सैनिक बरे, असे ती सांगत असे, आणि मड सरोवराकाठी गणवेशातील माणसेच आली होती. पण या अर्जातील मागणी कोणाच्या भलेपणावर सोडलेली नव्हती. ती हक्काच्या भाषेत लिहिलेली होती.

अर्जावर हजारो सह्या झाल्या. २२ एप्रिल १८८४ रोजी सारा काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या उपसमितीसमोर साक्ष देण्यास उभी राहिली. तोपर्यंत मालहूर उरले नव्हते. १८८२ आणि १८८३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनी ते क्षेत्र, लष्करी ठाण्याजवळचा एक लहान तुकडा वगळता, सार्वजनिक जमिनीत जमा करून वसाहतीसाठी खुले करण्यात आले होते. पायूट तेथे राहत नाहीत, हे त्यामागचे कारण होते. त्यांना तेथे परत जाऊ दिले गेले नव्हते, आणि ते परत गेले नाहीत म्हणून जमीन गेली.

विल्बर १८८२ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतरच्या वर्षांत याकामाचे पायूट लहान लहान टोळ्यांनी, कोणाच्याही परवानगीशिवाय, निघून गेले; काही वॉर्म स्प्रिंग्ज येथे राहिले, काही नेवाडाकडे गेले, काही हार्नी खोऱ्यात परतले आणि जी जमीन त्यांची होती तिच्यावर मजुरी करू लागले. सारा लव्हलॉक येथे भावाच्या शेतावर गेली आणि १८८५ मध्ये तेथे तिने पायूट मुलांसाठी शाळा काढली. तीत मुले आधी आपल्या भाषेत बोलत आणि मग इंग्रजीत लिहीत, आणि घर सोडून दूरच्या वसतिगृहात जाण्याची गरज नव्हती. सरकारी मदत मिळाली नाही. चार-एक वर्षांत शाळा बंद पडली. १७ ऑक्टोबर १८९१ रोजी आयडाहोतील हेन्रीज लेक येथे, बहिणीच्या घरी, सारा वारली. २००५ मध्ये नेवाडा राज्याच्या वतीने तिचा पुतळा राजधानीतील काँग्रेसच्या इमारतीत ठेवण्यात आला; त्याच्या एका हातात पुस्तक आहे आणि दुसऱ्या हातात शिंपल्याच्या आकाराचे फूल आहे.

मालहूरच्या जमिनीचा दावा त्यानंतरही चालू राहिला. विसाव्या शतकात मूळनिवासींच्या दाव्यांसाठी नेमलेल्या आयोगापुढे तो गेला, आणि जमिनीची किंमत १८९० च्या दराने, एकरी अर्ध्या डॉलरपेक्षाही कमी, धरण्यात आली. १९६९ मध्ये पैसे वाटले गेले तेव्हा मालहूरच्या पायूटांच्या वंशजांना प्रत्येकी सुमारे ७४३ डॉलर मिळाले. जमीन मिळाली नाही.